उतरता खांदा

तिला तिथे सगळे टाचणी म्हणत. हे नाव तिने पहिल्याच दिवशी कमावलं होतं. फॅशन हाऊसच्या वरच्या मजल्यावर, कामाच्या खोलीत पाऊल ठेवून तिला तास होत नाही तोच हातातला टाचण्यांचा डबा निसटला, आणि मशिनींच्या पायांखाली, कापडाच्या ताग्यांमागे, फरशीच्या फटीफटीत टाचण्याच टाचण्या झाल्या. मॅडमनी मान वर केली नाही. "वेच," एवढं म्हणाल्या. पोरीने गुडघे टेकून एकूण एक टाचणी वेचली, बोटांची चाळण करून घेतली. शेवटची डब्यात पडल्यावर सावलीने शांतपणे टेबलाचा खण ओढला आणि त्यातलं लोहचुंबक काढून तिच्या नाकासमोर धरलं. हे इथे असतं, म्हणाली, पुढच्या वेळी लक्षात ठेव. सगळी खोली हसली. टाचणीही हसली, कारण न हसणं तिला परवडणारं नव्हतं.

सावली ही मॅडमची मुख्य मदतनीस. मॅडम जातील तिथे दोन पावलं मागे ती असायचीच, म्हणून कारागिरांनी तिला हे नाव ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मॅडमना मात्र टोपणनाव नव्हतं. त्यांना पाठीमागेही कुणी दुसरं काही म्हणायचं नाही. भिंतींना कान असतात. त्या फॅशन हाऊसच्या भिंतींना जीभही आहे, असं कारागीर म्हणत आणि बोलता बोलता सावलीकडे बघत.

टाचणीने डिझाइनचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता आणि ती इथे शिकाऊ म्हणून लागली होती. तिला वाटलं होतं, आपण चित्रं काढू, कुणीतरी ती बघेल, त्यातलं एखादं कापडावर उतरेल. प्रत्यक्षात ती धागे वेचायची, इस्त्री तापवायची, चहाचे कप विसळायची, आणि मॅडम पुतळ्यावर कापड लावत असताना मनगटाला टाचण्यांची गादी बांधून शेजारी गुडघ्यांवर बसायची. मॅडमचा हात खाली आला की त्यात टाचणी ठेवायची. उशीर झाला तर तो हात तसाच अधांतरी थांबे, आणि ती शांतता तिला शिवीपेक्षा जास्त झोंबे. महिन्यांमागून महिने गेले. तिची चित्रं कुणी मागितली नाहीत आणि तिने दाखवली नाहीत.

घरी मात्र तिचा थाट वेगळा. आई शाळेचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, खाली निळ्या-खाकी चिंध्यांचा ढीग, आणि दारात कायम एखादं उंची वाढलेलं पोर हात पसरून माप द्यायला उभं. बाबा छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचे आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप लावून बसायचे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमची पोर मोठ्या ठिकाणी आहे, ती कपडे शिवत नाही, ठरवते. पोरीच्या अंगाला बाजारचा कपडा कधी लागला नव्हता. लहानपणापासून सगळं आईच्या हातचं. तयार कपड्याला माणसाचं अंग कुठे कळतं, असं ती म्हणे. दोन्ही खांद्यांत आतून थोडी भर घालायची तिची सवय होती. त्याने कपडा रुबाबात बसतो, हे पोरीने ऐकून ऐकून पाठ केलं होतं. डाव्या खांद्यावरून पिशवीचा पट्टा सारखा घसरायचा, तेव्हा ती पिशवीला नावं ठेवायची. घरातला आरसा चेहऱ्यापुरता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ज्या दिवशी हे सगळं घडलं, त्या दिवशी संध्याकाळी खालच्या दालनात नव्या कपड्यांचं पहिलं प्रदर्शन होतं. मोठ्या दुकानांचे खरेदीदार यायचे होते, वर्तमानपत्रांची माणसं यायची होती. सगळं तयार होतं, फक्त मुख्य कोट नव्हता. राखाडी लोकरीचा तो कोट मॅडमनी पुतळ्यावर पुन्हा पुन्हा लावला आणि पुन्हा पुन्हा ओरबाडून काढला. कापणीच्या टेबलाशी उभे असलेले मास्तर, म्हणजे तिथले जुने कापणारे, नवा तुकडा द्यायचे आणि मागे सरायचे. मॅडम म्हणत, हे कापड मेलंय, मी मढ्याला कपडे घालतेय. त्यानंतर खोलीत कुणी शिंकलंही नाही.

अशात खाली कंत्राटदारीणबाई आल्या. रस्त्यांची मोठी कंत्राटं घेणाऱ्या गृहस्थांच्या या पत्नी. फॅशन हाऊसचं जुनं आणि सढळ गिऱ्हाईक. त्यांना एका समारंभासाठी पोशाख हवा होता, माप द्यायचं होतं. सावलीने टाचणीला खूण केली. आज तू घे माप, म्हणाली, मी लिहून घेते, आकडा मोठ्याने आणि स्पष्ट सांग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा टाचणीच्या हातात टेप येत होती.

जे सावलीने सांगितलं नाही ते असं: जुन्या गिऱ्हाइकांचा आकडा तोंडाने कमी सांगायचा आणि कागदावर खरा लिहायचा, हा तिथला रिवाज होता. कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवरही खोटाच आकडा असे. बायका त्या खोट्या आकड्यासाठीच पुन्हा पुन्हा यायच्या.

ट्रायलच्या खोलीत तीन बाजूंना छतापर्यंत आरसे होते. टाचणीने कमरेभोवती टेप फिरवली, बोट ठेवलं आणि शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात सांगितलं, "बेचाळीस."

कंत्राटदारीणबाईंनी विचारलं, "किती?"

तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने अजून मोठ्याने सांगितलं.

दाराशी तयार कपडे घेऊन आलेले दोन कारागीर जागच्या जागी थिजले. सावलीची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. तिचा चेहरा मात्र दुधावरच्या सायीसारखा शांत होता. मॅडम जिन्यावरून उतरत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या आल्या, टाचणीच्या हातातून टेप घेतली आणि हसत म्हणाल्या, ही टेप जुनी होऊन ताणली गेलीय, आकडा जास्त दाखवते. टेप ताणली गेली तर आकडा कमी येतो, जास्त नाही, हे तिथल्या पोरासोरालाही कळत होतं. पण तोंड उघडायची छाती कुणाची? मॅडमनी स्वतः माप घेतलं आणि छत्तीस सांगितलं.

कंत्राटदारीणबाई आरशातून टाचणीकडे बघत होत्या. जखम अजून ताजी होती.

"हिचं स्वतःचं माप काय आहे, ते बघू दे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांचे आकडे मोठ्या हौसेने सांगते."

मॅडमनी पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ घेतला. मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "चढ."

टाचणी चढली. आपण चुकलोय हे तिला कळलं होतं, काय चुकलंय ते अजून कळलं नव्हतं. सावलीने टेप घेतली आणि एकेक आकडा दवंडी पिटावी तसा सांगायला सुरुवात केली. कंबर, छाती, दंड. दारातल्या दोघांचे चौघे झाले. खांद्याशी आल्यावर सावलीचा हात थांबला आणि तिने मॅडमकडे पाहिलं. जाकीट काढ, मॅडम म्हणाल्या.

जाकिटाच्या आत पातळ, बिनबाह्यांचा टॉप होता. टाचणीने वर पाहिलं आणि तीन आरशांत तीन बाजूंनी तिला एक मुलगी दिसली, जिचा उजवा खांदा जागेवर होता आणि डावा बोटभर, छे, चांगला दोन बोटं खाली उतरलेला. मुलगी ओळखीची वाटली. मग तिला समजलं, ती कोण आहे.

मॅडमनी जाकीट हातात घेतलं. कसलेला माणूस फळ दाबून बघतो तसे दोन्ही खांदे अंगठ्याने दाबून पाहिले. मग खिशातून टाके उसवायचं पातं काढलं, डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं आणि आतले लोकर दाबून केलेल्या नमद्याचे थर एकावर एक ओढून बाहेर काढले. बारीक टाक्यांनी एकमेकांना जोडलेले, कडेला निमुळते होत गेलेले. उजव्या खांद्यातून निघाला तो नावापुरता एक पातळ तुकडा. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे कुणी केलं?"

"आईने."

"चांगला हात आहे," मॅडम म्हणाल्या.

कंत्राटदारीणबाईंना आता हसू आवरेना. "अगं, दुकानाची पाटी एका खिळ्यावर लटकावी तशी लटकलीये ही," त्या म्हणाल्या, आणि रुमालाने डोळे टिपले. सगळे हसले. कुणी गिऱ्हाईक हसलं म्हणून, कुणी मॅडम हसल्या म्हणून, कुणी आपण त्या स्टुलावर नाही म्हणून. बाईंचा मूड असा काही फुलला की त्यांनी जाताना एकाऐवजी दोन पोशाख सांगितले, आणि टाचणीच्या गालाला बोट लावून, मनाला लावून घेऊ नकोस हं, असंही म्हणाल्या.

टाचणी रडली नाही. ती उतरायला लागली तेव्हा दारातली काजं-बटणं करणारी बाई हळूच म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे." मास्तर तिच्यामागे उभे होते. त्यांनी मान हलवली. खांदे बघणं हाच ज्यांचा धंदा, त्या सगळ्या खोलीने ही गोष्ट ती दारातून आली त्याच दिवशी पाहिली होती. त्या खोलीत अंधारात होती ती फक्त तीच.

"उतरू नकोस," मॅडम म्हणाल्या.

त्यांचा आवाज बदलला होता. त्या टाचणीभोवती एक फेरी मारून आल्या, डोकं एका बाजूला कलतं करून. मग त्यांनी वरून राखाडी लोकर मागवली, टाचण्यांची गादी सावलीच्या मनगटाला बांधायला लावली आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

दुपार त्या स्टुलावर गेली. कापड आधी उजव्या खांद्यावर पडलं, मानेमागून आलं, डावीकडे उतरलं. जे कापड पुतळ्यावर मढं होतं, ते इथे कुठेतरी निघाल्यासारखं दिसू लागलं. मॅडमची बोटं भराभर चालत होती, चुण्या पडत होत्या, मोडत होत्या. एक टाचणी कापडातून आरपार जाऊन टाचणीच्या काखेजवळ रुतली. तिने श्वास आत ओढला. मॅडमनी ताबडतोब कापड उचलून खाली पाहिलं. "रक्त कापडाला लागता कामा नये," त्या सावलीला म्हणाल्या, आणि सावलीने तिच्या कातडीवर कागदाचा तुकडा दाबून धरला.

आता जे झालं ते ऐकायला विचित्र वाटेल. टाचणीला त्या दुपारी आनंद झाला. अपमानाने तिचे कान तापलेले होते, पाय भरून आले होते, तरी तिच्या अंगावर, तिच्या श्वासाच्या अंतरावर, एक मोठा कारागीर काम करत होता, आणि इतके महिने गुडघ्यांवर बसून जे दिसलं नव्हतं ते तिला वरून दिसत होतं. कापड कुठे ओढायचं, कुठे सोडून द्यायचं. छातीवरची एक चुणी मात्र नीट बसत नव्हती. मॅडम ती पुन्हा पुन्हा सोडवत होत्या. टाचणीला कारण कळलं. ती शरमेने डावा खांदा वर उचलून धरत होती. नकळत, सगळ्या ताकदीने, सकाळपासून.

"मॅडम," ती म्हणाली, "मला वाटतं ती चुणी..."

"पुतळे बोलत नाहीत."

तिने खांदा सोडला. एखादी जड बादली जमिनीवर ठेवावी तसा सोडून दिला. कापड सळसळत खाली आलं आणि चुणी मानेपासून कमरेपर्यंत एका रेषेत पडली, जणू ती तिथेच पडायची वाट बघत होती. मॅडमचा हात थांबला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"हं," त्या म्हणाल्या.

टाचणीने ते "हं" जिवापाड जपून ठेवलं. तिला वाटलं, आता या क्षणापासून काहीतरी वेगळं सुरू होणार.

मास्तरांनी कोट कापला, कारागिरांनी धावपळ करून शिवला. मग शिडी आली. शिडी म्हणजे प्रदर्शनात कपडे घालून चालणारी मुलगी. उंच, सरळसोट, स्वभावाने गरीब. तिच्या सरळ खांद्यांवर कोट चढला आणि पुन्हा मेला. मॅडमनी सकाळचा तो नमदा मागवला. टेबलावर पडलेला आईच्या हातचा जाड तुकडा शिडीच्या उजव्या खांद्यावर बसवला, म्हणजे डावा खाली गेल्यासारखा दिसेल. थोडं जमलं, पुरतं नाही.

"टाचणी, हिला दाखव कशी उभी राहतेस ते. चालूनही दाखव."

वरच्या कामाच्या खोलीत पुन्हा सगळे जमले होते. टाचणी खिडकीपासून दारापर्यंत चालली. शिडीने तिच्या मागून तशीच चाल केली. मग हात कसा लोंबतो, मान तोल सांभाळायला कशी उजवीकडे जाते, पाऊल कसं किंचित आत पडतं, एकेक गोष्ट मॅडम बोट दाखवून सांगत गेल्या आणि शिडी उचलत गेली. मान तोल सांभाळते हे टाचणीला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. शिडी हुशार होती. चौथ्या-पाचव्या खेपेला तिने असं हुबेहूब केलं, वर थोडं मीठमसाला लावून, की कारागिरांना हसू फुटलं. शिडीने थांबून टाचणीला विचारलं, बरोबर आहे ना, रागावली नाहीस ना. टाचणीने सांगितलं, हात अजून थोडा मागे ठेव.

हे तिने का सांगितलं, ते तिला पुढे कितीदा आठवलं तरी कळलं नाही. काम चांगलं व्हावं असं तिला वाटत होतं, एवढंच खरं.

प्रदर्शनाच्या थोडं आधी, मॅडम जिन्याशी एकट्या सापडल्या तेव्हा तिने धीर केला. तिला शब्द नीट जुळवता आले नाहीत. कोट माझ्यावर बेतलाय, मीच घालून चालले तर, एकदाच, असं काहीसं ती बोलली. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिला समजावून सांगितलं, शिक्षकाने चांगल्या विद्यार्थ्याला सांगावं तसं.

"सरळ माणूस वाकडा उभा राहिला तर त्याला फॅशन म्हणतात. मुळातच वाकडा माणूस उभा राहिला तर बघणाऱ्याला दया येते. दयेला गिऱ्हाईक नसतं."

मग जिना उतरता उतरता त्या थांबल्या. त्यांनी सांगितलं, की शिकाऊपण आज संपलं. तुझी नोकरी पक्की. पुढच्या मोसमाचे सगळे कपडे मला या खांद्यावर करायचे आहेत, उद्या सकाळपासून वर कामाच्या खोलीत स्टुलावर हजर राहायचं. टाचणीने विचारलं, आणि चित्रं? मॅडमना प्रश्न समजला नाही. कसली चित्रं, असं त्यांनी विचारलं, आणि त्या खरंच विचारत होत्या.

प्रदर्शनात कोट शेवटी आला. टाचणी पडद्यामागे उभी होती. शिडी खांदा टाकून निघाली तेव्हा दालनात एक कुजबुज उठली, मग शांतता झाली, मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. एका खरेदीदाराने मॅडमना विचारलं, ही कल्पना सुचली कुठून. मॅडमनी क्षणभर डोळे मिटले आणि लहानपणी टेकडीवर पाहिलेल्या एका झाडाची गोष्ट सांगितली. वारा सतत एकाच बाजूने वाहायचा, झाड कललं होतं पण पडलं नव्हतं. वर्तमानपत्रवाल्यांनी ते लिहून घेतलं. कंत्राटदारीणबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी तो कोट स्वतःसाठी सांगितला.

टाचणी घरी पोचली तेव्हा बरीच रात्र झाली होती. आई मशीनवर होती, बाबा भिंतीला टेकून बसले होते. तिने उसवलेलं जाकीट गणवेशांच्या ढिगावर ठेवलं. आईने फाटक्या अस्तराकडे पाहिलं आणि मशीनवरचा पाय काढला.

"कुणी उसवलं?"

"मॅडमनी. सगळ्यांसमोर."

आईने जाकीट उचलून मांडीवर घेतलं आणि अस्तराची कड उगाच सारखी करू लागली. कधीपासून माहीत आहे, असं पोरीने विचारलं. तेव्हा आईने सांगितलं. पोर शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा तिच्या फ्रॉकची खालची कड सरळ येईना. दोनदा कापून पाहिली, दोनदा वाकडी आली. मग लक्षात आलं, वाकडी कड नाही. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा दिला. काही वर्षं रात्रंदिवस लावायचा, हाडं कोवळी आहेत तोवर वळतील, म्हणाले. एक दुपार पोरीने तो लावला. गल्लीतली पोरं खिडकीशी गोळा झाली, बोटं दाखवायला लागली, आणि पोर इतकी रडली की तिचा श्वास अडकला. आईने पट्टा काढला तो काढलाच.

"मी म्हटलं, लोक कपडा बघतात, हाड कोण बघतंय. कपडा माझ्या हातात आहे."

"लावला असता तर सरळ झाला असता?"

"नक्की नाही म्हणाले होते."

"पण होईल म्हणाले होते."

बाबांनी घसा साफ केला. तुझ्या आईने तुझ्यासाठी डोळे फोडून घेतले गं, असं काहीतरी ते म्हणायला लागले. पोरीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात, बाबा. तसेच बसा." ते तसेच बसले.

"मला नोकरी लागली," मग ती आईला म्हणाली. "खांद्यामुळे लागली. तू पट्टा लावला असतास तर लागली नसती. तुझे आभारच मानायला हवेत."

नोकरी हा एकच शब्द धरून, अगदी बारीक आवाजात आईने विचारलं, "म्हणजे आता तुझी चित्रं घेतील ना?"

"पुतळे चित्रं काढत नाहीत."

हे तिने मान वर न करता, सपाट आवाजात म्हटलं. आवाज कुणाचा आहे ते तिने ओळखलं. आईच्या चेहऱ्यावर घाव बसलेला तिने पाहिला, नीट, पुरता, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच. ती जेवली, भांडं विसळून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला गाढ झोप लागली.

सकाळी जाकीट दाराच्या खिळ्यावर टांगलेलं होतं, अस्तर शिवून, भर घालून, कुठे उसवलं होतं ते शोधूनही सापडू नये असं. तिने ते तिथेच राहू दिलं. कालच्याच टॉपवर बाबांचा एक जुना शर्ट घातला, बाह्या दुमडल्या आणि बाहेर पडली. आईचा पाय मशीनवर चालत होता. तिने डोकं वर केलं नाही. कदाचित तिची हिंमत झाली नसेल.

रस्त्यावर टाचणी खांदा सोडून चालली. उचलायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. बघू देत. तिचे कान टवकारलेले होते, कुणी हसेल, कुणी वळून बघेल, कुणी शेजारच्याला कोपराने ढोसेल. पाव विकणारा गाडीवर पाव रचत होता. कडेवर पोर घेतलेल्या एका बाईने तिला बाजूला व्हायला सांगितलं. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, पुढे सरका. एक माणूस तिच्याकडे बराच वेळ बघत होता, तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. तेव्हा त्याने विचारलं, ही बस स्टेशनवर जाते का. एका मोठ्या दुकानाच्या काचेपुढे ती मुद्दाम उभी राहिली. काचेत शर्टाचा एक खांदा उतरलेला स्पष्ट दिसत होता. मागून माणसं जात होती, पिशव्या घेऊन, फोनवर बोलत, आपापल्या घाईत. कुणाचंही लक्ष गेलं नाही.

कालच्या सगळ्या दिवसात आला नव्हता असा राग तिला तिथे आला. ज्यांच्या नजरेपासून आईने तिला जन्मभर झाकून ठेवलं, ज्यांच्या भीतीने तो पट्टा काढला, त्यांना बघायला वेळच नव्हता. हे आईला सांगायचं, असं तिने ठरवलं. आज संध्याकाळी, ती दोरा ओवत असताना. काचेपासून निघाल्यावर ती ते वाक्य मनात जुळवत गेली. फालतू शब्द काढले, बोथट होते ते बदलले. वळणावर तिला एक अधिक चांगला शेवट सुचला. फॅशन हाऊसच्या दारात पहारेकऱ्याने नेहमीसारखी मान हलवली, तिनेही हलवली.

ती वर गेली तोवर वाक्य तयार झालं होतं. तिने शर्ट काढून खुंटीला लावला आणि स्टुलावर चढून उभी राहिली.